मधल्या नंबरांचे फोटो

मोटारींच्या शर्यतींचे फोटो आणि व्हिडिओ काढतो असं सांगितलं की लोक आधी गाव विचारतात. मणिबेली म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, तिथे रस्ता आहे का? प्रश्न रास्त आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला, सरदार सरोवराच्या पाण्याला लागून आमचं गाव. तालुका अक्कलकुवा, विधानसभा मतदारसंघ क्रमांक एक, त्यातही मतदान केंद्र क्रमांक एक आमचंच. म्हणजे कागदावर महाराष्ट्र आमच्यापासून सुरू होतो. प्रत्यक्षात नर्मदाकाठच्या गावांकडे मतदान यंत्रं अजून बार्जमधून येतात, दवाखाना पाण्यावर तरंगत येतो आणि लहानपणी आम्हाला वाहन म्हणजे होडी एवढंच ठाऊक होतं. अशा गावातला माणूस ड्रिफ्ट आणि रॅलीच्या मागे कसा लागला, याचं उत्तर शर्यतींपेक्षा कॅमेऱ्यात जास्त आहे.

कॅमेरा आमच्याकडे गाडीच्या आधी आला. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा महाराष्ट्राच्या बाजूने बुडणारं पहिलं गाव म्हणून मणिबेलीचं नाव जगभर गेलं. नर्मदा बचाव आंदोलनाचे लोक, पत्रकार, परदेशी मंडळी, सगळे होडीने यायचे. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ आमच्याच काठावर होतं, ते पाण्यात गेलं. १९९३ मध्ये जागतिक बँक या धरणातून बाहेर पडली, आणि १९९४ मध्ये मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा असं तिला बजावणारं जगभरच्या संघटनांचं जे निवेदन निघालं, त्याचं नावच ‘मणिबेली जाहीरनामा’. आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ १९९५ चा. या सगळ्या चित्रांनी मोठं काम केलं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आमच्या घरात त्यातला एकही फोटो नव्हता. शेजारी नव्हता, मामाकडे नव्हता. माझ्या आजीचा चेहरा कुठल्या तरी शहरातल्या प्रदर्शनात लागला असेलही. आमच्या भिंतीवर होतं ते खतकंपनीचं कॅलेंडर.

पुढे मी अक्कलकुव्यात एका स्टुडिओत लागलो. लग्नं, हळदी, साखरपुडे, शाळेची गॅदरिंगं. होळीला काठीची राजवाडी होळी, रात्रभर आगीच्या उजेडात नाचणाऱ्यांचे फोटो. पण वेगाचे फोटो शिकलो ते सारंगखेड्याला. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठियावाडी घोडे, त्यांची रेवाल चाल दाखवणारे स्वार, शर्यती. तिथे मला पहिल्यांदा कळलं की वेगवान शटरने घोडा गोठतो आणि तसा गोठलेला घोडा दगडी पुतळ्यासारखा दिसतो. वेग दिसायला हवा तर शटर हळू ठेवायचं, सेकंदाचा साठावा भाग, जमलं तर तिसावा, आणि घोड्याच्या बरोबरीने कॅमेरा फिरवायचा. घोडा स्पष्ट येतो, मागचे तंबू, माणसं, झाडं आडव्या रेघा होऊन पुसली जातात. याला पॅनिंग म्हणतात. पाय रोवून उभं राहायचं, कंबरेतून वळायचं आणि बटण दाबल्यावरही वळत राहायचं. दाबलं की थांबायचं ही हाताची खोड मोडायला वेळ लागतो. घोडा धावताना वरखाली होतो, मोटार बऱ्यापैकी एका रेषेत जाते. म्हणून ज्याला घोडा जमला त्याला मोटार सोपी जाते, हे माझं मत. शहरातले मित्र ते मान्य करत नाहीत.

या प्रकारातला जगातला सगळ्यात गाजलेला फोटो एका हौशी पोराने काढलेला आहे. झाक आंरी लार्तीग हा फ्रेंच मुलगा, जन्म १८९४ चा. विशीच्या आत असताना तो फ्रेंच ग्रां प्री बघायला गेला आणि समोरून सुसाट जाणाऱ्या मोटारीबरोबर त्याने कॅमेरा फिरवला. त्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे एक फट, ती काचेसमोरून सरकत जायची. ती सरकेपर्यंत मोटार पुढे गेलेली, त्यामुळे चाक लंबगोल होऊन पुढे कललं. आणि कॅमेराही फिरत होता, म्हणून कडेचे प्रेक्षक आणि खांब उलट्या दिशेला झुकले. मोटारीचा पुढचा भाग तर चौकटीबाहेरच राहिला. त्याला स्वतःला हा फोटो फसलेला वाटला आणि तो कित्येक दशकं बाजूला पडून राहिला. आज वेगाचा फोटो म्हटलं की तो आधी दाखवतात. आजही व्यंगचित्रांत पळणारी गाडी पुढे झुकलेली काढतात, तोच हा झुकाव.

आता ड्रिफ्टकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते त्याबद्दल. वळणावर गाडीची मागची चाकं मुद्दाम घसरवायची, गाडी आडवी होऊ द्यायची, स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेला फिरवून ती सांभाळायची आणि ॲक्सिलरेटरने तो घसरा वळण संपेपर्यंत टिकवायचा. आमच्या भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मोलगी, धडगावकडच्या घाटात पावसाळ्यात कमांडर आणि मॅक्स जीप चालायच्या, आत कोंबून, मागे लटकून, टपावर बसून माणसं, काचेवर ‘जय याहामोगी’. त्या जीपना ताकद मागच्या चाकांना. ओल्या मुरमावर मागचा भाग सटकला की ड्रायव्हर बिडी तोंडातच ठेवून स्टिअरिंग उलटं मारायचा आणि गाडी सरळ करायचा. त्याच्या लेखी ते भाड्याचं काम होतं. त्यालाच कुणी गुण देतं हे मला फार उशिरा कळलं.

हे गुण देणं जपानमधून आलं. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा शर्यतपटू वळणात आडवा शिरायचा आणि वेग टिकवायचा. त्याला बघून केइची त्सुचिया नावाच्या तरुणाने डोंगरातल्या रस्त्यांवर सराव केला. १९८७ मध्ये त्याच्या घाटातल्या ड्रिफ्टिंगचा ‘प्लस्पी’ नावाचा व्हिडिओ निघाला आणि तिथून हा प्रकार जपानभर पसरला. पुढे ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा आली, २००१ पासून डी-वन ग्रां प्री ही मालिका, २००४ पासून अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्ट. ‘टोकियो ड्रिफ्ट’ या २००६ च्या हॉलिवूड सिनेमात जो म्हातारा कोळी नवशिक्या नायकाच्या गाडीकडे बघून शेरे मारतो, तो त्सुचियाच. या खेळात घड्याळाला जवळजवळ काम नाही. परीक्षक बघतात ती रेषा, गाडी किती कोनात आडवी गेली, किती वेगाने शिरली आणि कशी दिसली. दोन गाड्या जोडीने सोडतात तेव्हा मागचा पुढच्याला किती चिकटून राहिला हेही बघतात. म्हणजे हा खेळच बघण्यासाठी आहे, आणि तो वाढलाही व्हिडिओवरच. माझ्यासारख्याला आणखी काय हवं?

भारतात मात्र हौशी ड्रिफ्टिंगची पंचाईत साधी आहे. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. ओढायचं आणि वळायचं दोन्ही काम पुढच्याच चाकांना. मागची नुसती मागून येतात. हँडब्रेक ओढून ती क्षणभर सटकतात, पण ॲक्सिलरेटरने तो घसरा टिकवता येत नाही. म्हणून पोरं जुनी बीएमडब्ल्यू शोधतात, कुणी काँटेसा, कुणी मारुती जिप्सी, कुणी बोलेरो. मग मागचं डिफरन्शियल वेल्ड करून दोन्ही चाकं एकत्र फिरतील अशी करायची. टायर मात्र दिवसाला जोडीजोडीने संपतात. या छंदात खर्चाचा सगळ्यात मोठा भाग धूर होऊन जातो, आणि तोच धूर माझ्या फोटोत छान दिसतो. वारा कुठून येतोय ते आधी बघतो. वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहिलं तर पहिल्या वळणानंतर पांढऱ्या भिंतीशिवाय काही मिळत नाही.

डांबरावरच्या ड्रिफ्टपेक्षा आपल्याकडे मातीवरची शर्यत जुनी आणि घट्ट रुजलेली आहे. नाशिकच्या आसपास राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या फेऱ्या झाल्या आहेत, मोटारींच्याही आणि दुचाकींच्याही. रॅलीत सगळे एकदम सुटत नाहीत. गावाबाहेरचा कच्चा रस्ता काही तासांपुरता बंद करतात, आधी तपासणीची झिरो कार जाते, मग ठरावीक अंतराने एकेक गाडी सोडतात, म्हणजे पुढच्याची धूळ खाली बसायला वेळ मिळतो. शेजारी बसलेला सहचालक वळणांच्या नोंदी मोठ्याने वाचत जातो. बघणाऱ्याला एक गाडी काही सेकंद दिसते, मग शांतता, मग पुढची. म्हणून रॅलीच्या फोटोची निम्मी मेहनत आदल्या दिवशीच होते. मी रस्ता पायी बघतो. मुरूम कुठे मोकळा आहे, कुठे दगड उघडा पडलाय, चढ संपून गाडी कुठे हवेत जाईल, सकाळचा सूर्य कुठल्या बाजूने धुळीतून येईल. सूर्य समोर असेल तर धूळ सोन्यासारखी पेटते, पाठीमागे असेल तर तीच धूळ घाण दिसते. शेतकऱ्याला विचारलेलं सगळ्यात बरं. या वळणावर ट्रॅक्टर कुठे घसरतो, एवढंच विचारायचं. तिथेच उद्या गाडीही घसरणार.

उभं राहायच्या जागेवरून मी तडजोड करत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नाही, गाडी सुटली तर ती तिकडेच येते. उंचावर, आतल्या बाजूला, मागे पळायला वाट मोकळी. मार्शलची शिटी वाजली की डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली. नवे फोटोग्राफर रुंद लेन्स घेऊन रस्त्याला चिकटतात, कारण परदेशातल्या फोटोंत तसं दिसतं. मी ७०-२०० लेन्स घेतो आणि लांब राहतो.

रस्ता बंद केला म्हणजे तो बंद झाला असंही धरून चालत नाही. २०१९ मध्ये जोधपूरच्या रॅलीत बंद रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघे गेले. शहरातून आलेल्या माणसाला तो रस्ता म्हणजे रॅलीचा स्टेज, शर्यतीचा एक टप्पा असतो. तिथल्या माणसाला ती शेताकडे जायची, दवाखान्यात जायची वाट असते. मी खेड्यातला, मला हे दिसतं. आयोजकांनी आदल्या दिवशी पाड्यापाड्यावर जाऊन, तिथल्या बोलीत सांगितलं नसेल, नुसते छापील फलक लावले असतील, तर मी त्या रॅलीचं काम घेत नाही. त्यामुळे कामं कमी मिळतात, मिळोत.

माझ्या सगळ्यात आवडीची जागा मात्र महाराष्ट्राबाहेर आहे. शहादा, खेतिया, सेंधवा करत इंदूरकडे गेलं की पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र लागतं. तिथे बाहा एसएई इंडिया ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा होत आली, पहिली २००७ साली. पोरांनी स्वतः पाइप वाकवून, वेल्ड करून बनवलेली एका माणसाची डोंगरगाडी. पेट्रोलच्या गटात इंजिन सगळ्यांना सारखंच, एका सिलिंडरचं, १० अश्वशक्तीच्या आसपासचं. ताकद वाढवायची सोय नाही, म्हणून लढत होते ती वजन, सस्पेन्शन आणि जोडकामाची. आधी ब्रेकची परीक्षा, चढाची परीक्षा, मग शेवटच्या दिवशी चार तासांची दमाची शर्यत, सगळ्या गाड्या एकाच वेळी मातीच्या फेऱ्यात. पुण्यामुंबईची नावाजलेली कॉलेजं असतात, तशी तालुक्याच्या गावातलीही. चार तासांत किती गाड्या मोडतात ते पाहिलं की कळतं, धावणं किती अवघड आहे.

खरी गोष्ट मला तिथे ट्रॅकवर मिळत नाही, कडेला मिळते. गाडी ओढून आणलीय, ॲक्सल तुटलंय, एक जण खाली झोपलाय, दुसरा टॉर्च धरून उभा, तिसरी मुलगी घड्याळ बघत ओरडतेय, आणि फॅकल्टी सर लांबून हाताची घडी घालून बघताहेत, कारण हात लावायची त्यांना परवानगी नाही. मी व्हिडिओ बनवतो तो याचा. २५ फ्रेम, शटर पन्नासावा, दुपारचं ऊन मारायला एनडी फिल्टर, आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर, माइकवर केसाळ टोपी. आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात. वर गाणं चढवतात आणि इंजिन मारून टाकतात. एकाच प्रकारची इंजिनं, तरी प्रत्येक गाडीचा आवाज निराळा येतो. कुणाची चेन सैल, कुणाचा सायलेन्सर फुटलेला. मी बरेचदा आवाजावरूनच ओळखतो कोण येतंय, आणि मग कॅमेरा उचलतो.

मोठे कार्यक्रम मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २८ जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. स्टेडियममध्ये मातीचे उंचवटे रचलेले, परदेशी स्वार, रोषणाई. गोव्यात वागातोरला दर हिवाळ्यात बुलेटवाल्यांचा मेळा भरतो, तिथे मातीच्या गोल ट्रॅकवर मोटारसायकली आडव्या घालतात, ते बघायला मजा येते. दुचाकीचं ड्रिफ्टच ते, एक पाय जमिनीला टेकवून. पण तिथे माझ्यासारखे खूप असतात. विजेत्याचे फोटो तर शंभर जण काढतात.

मी काढतो ते अकराव्या, सतराव्या, बाविसाव्या नंबरचे. मालेगावचा गॅरेजवाला, शिरपूरचा डेअरीवाला, शहाद्याचा ऊसवाल्याचा मुलगा. उधारीवर घेतलेली मोटारसायकल, मित्राचं हेल्मेट, दोन हीट धावणार आणि घरी जाणार. त्यांच्या शर्यतीची बातमी कुठे येत नाही, निकालाचा कागद संध्याकाळी भिंतीवरून उडून जातो. धावला याचा पुरावा म्हणजे फोटो. घरच्यांना दाखवायला, पुढच्या वर्षी कुणाकडे टायरचे पैसे मागायला, किंवा नुसता मोबाइलवर लावायला. म्हणून मी नंबरनिहाय फोल्डर करतो आणि ज्याचा फोटो त्याला पोचवतो, पैसे देवो न देवो. लग्नसराई माझं पोट भरते, त्यामुळे हे परवडतं. बायको म्हणते परवडत नाही. हिशेब तिच्याकडे असतो.

एका गोष्टीला मात्र मी नाही म्हणतो. बायपासवर रात्री पोरं जमतात, आणि ‘दादा, फक्त एक रील’ असा फोन येतो. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते. हे सांगितलं तर पोरं हसतात. पुढे मी सांगतो की कॅमेरा आला की तुम्ही जास्त जोरात चालवाल, आणि ते मला नकोय. यावर हसत नाहीत, कारण ते खरं आहे हे त्यांनाही माहीत असतं. कुणाला मातीच्या ट्रॅकचा पत्ता देतो, कुणी तिथे येतोही.

ट्रॅकवरच्या पोरांची माझ्याकडे एकच तक्रार असते. साठाव्या शटरवर चाकं फिरताना सुरेख दिसतात, मागचं सगळं पुसलं जातं, पण थोडा हात हलला की छातीवरची अक्षरं पुसट येतात. आणि छातीवर मामाच्या गॅरेजचं नाव असतं. प्रवेश फी मामाने भरलेली असते, त्याला नाव वाचता आलं पाहिजे. तेव्हा पहिल्या हीटला मी माझ्या मनासारखे फोटो काढतो आणि दुसरीला शटर पाचशेवर नेऊन ठेवतो. चाकं थांबल्यासारखी दिसतात, गाडी स्टँडवर लावल्यासारखी. ‘न्यू भवानी ऑटो’ मात्र फोन नंबरासकट स्पष्ट येतं, आणि पैसे देऊन नेतात तो फोटो बहुतेक वेळा हाच.